खुलताबाद-म्हैसमाळला लहान लेकरू घेऊन शरदात काय काय करता येतं (नवीन आलेल्यांसाठी)

आम्ही मूळचे लातूरकडचे, म्हणजे डोंगर बघायचा तर गाडी काढूनच जायचं. नवऱ्याची बदली खुलताबादला झाली तेव्हा ठकी अडीच वर्षांची होती, आता पाचवं लागलंय. ठकी म्हणजे आमची लेक, खरं नाव वेगळंय. तर ज्यांची नुकतीच इकडं बदली झालीय, किंवा जे दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच दोन-पाच वर्षांचं लेकरू घेऊन यायचं म्हणतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण आमच्या पहिल्या ऑक्टोबरात आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही व्हायचा तेवढा बट्ट्याबोळ करून घेतला.

झालतं असं की लातूरहून नणंद आलती, तिच्यासोबत सकाळी घाट उतरून देवगिरी (म्हणजे दौलताबादचा किल्ला), मग परत वर येऊन भद्रा मारुती, मग खाली वेरूळ, घृष्णेश्वर, आणि संध्याकाळी वर म्हैसमाळचं पठार, सगळं एका दिवसात. ठकीनं घाटात ओकारी काढली, कैलास लेण्यात बापाच्या खांद्यावर ढाराढूर झोपली, म्हैसमाळला पोचलो तर सूर्य गेलेला आणि थंडीनं तिचे ओठ निळे पडायला आलते. आख्ख्या दिवसात तिला आवडलं काय, तर पार्किंगमधलं शेळीचं करडू. तेव्हापासून आमच्या घरात ठरलंय, एका फेरीत एकच जागा आणि तीपण दोन-अडीच तास. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबानं आहे, पॉइंट मोजायला येणार असाल तर तुम्हाला हे सगळं फार हळू वाटेल.

आधी कॅलेंडर उघडून बसा

पुस्तकात शरद म्हणजे अश्विन-कार्तिक, पण इथं वर त्याचे तीन तुकडे पडतात. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत पाऊस पुरता गेलेला नसतो, गवत लेकराच्या डोक्याएवढं, तेरडा गुलाबी, सोनकी पिवळी, मधूनच ढग अंगावरून जातो, बघायला एक नंबर, पण खडकावर शेवाळ असतं आणि चिखल विचारू नका. मग साधारण ऑक्टोबरच्या मध्याला मान्सून महाराष्ट्रातून माघारी जातो आणि कोजागरी ते दिवाळी हा मधला तुकडा सुरू होतो. खाली संभाजीनगरात ऑक्टोबर हीटनं जीव नको झालेला असतो, वर सकाळी गारवा, दुपारी मात्र ऊन इथंपण चटकेच देतं, आणि हेच दिवस सीताफळाचे. दिवाळीनंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थंडी चढत जाते, गवत वाळून सोनेरी होतं, आभाळ धुतल्यासारखं, फक्त कुसळं फार, त्यांच्याबद्दल खाली बोलतेच.

माझं मत विचाराल तर तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर मधला तुकडा घ्या. चिखलात लोळायला आवडणारं चार-पाच वर्षांचं असेल तर दसऱ्याच्या आधी या आणि कपड्यांचे दोन जोड जास्तीचे आणा.

मग वार बघायचा, हे नवीन माणसाला कळत नाही म्हणून नीट सांगते. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी असते, तो झोपलेला मारुती, लांबून लांबून लोक पायी येतात, श्रावणात तर रस्ताच दिसत नाही पण इतर शनिवारीही गाडी लावायला जागा शोधावी लागते. सोमवारी घृष्णेश्वर, ज्योतिर्लिंग असल्यामुळं. मंगळवारी वेरूळच्या लेण्या बंद (अजिंठा सोमवारी बंद असतं, लोक दोन्हीची गल्लत करून गेटवरून परत जातात, आमच्याकडं आलेले पाहुणेसुद्धा गेलेत). रविवारी म्हैसमाळला आख्खं संभाजीनगर आलेलं असतं, आणि नवरात्रात गिरिजादेवीच्या देवळाकडं गर्दी असतेच. राहिले बुध, गुरु, शुक्र. सुट्टी मिळत नसेल तर रविवारीच जा पण सकाळी सातला वर पाहिजेत, साडेदहाला उतरायला लागायचं, तेव्हा खालून वर येणाऱ्यांची लाईन लागलेली दिसेल आणि फार बरं वाटेल.

जायचं कसं

संभाजीनगरहून दौलताबाद, मग घाट चढून खुलताबाद, तिथून म्हैसमाळ आणखी 12 किलोमीटर, शहरापासून एकूण चाळीसच्या आसपास धरा. दौलताबादजवळ किल्ल्याच्या जुन्या तटाच्या अरुंद दरवाज्यातून गाड्या जातात तिथं सुट्टीच्या दिवशी जाम लागतो, आणि जाममध्ये लेकराला बरोब्बर शू लागते, तेव्हा शहरातून निघतानाच तो कार्यक्रम उरकून घ्या. घाटात ओकणारं लेकरू असेल तर निघायच्या आधी दूध पाजू नका, कोरडं काहीतरी द्या, एक दशमीचा तुकडा वगैरे, आणि मोबाईल हातात देऊ नका, खाली मान घालून बघितलं की हमखास होतं.

एसटीनं येणं कुणी मनावर घेत नाही पण लेकराला गाडीपेक्षा लालपरीच जास्त आवडते, उंच खिडकी असते ना. पाच वर्षांच्या आत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं, बायांना 2023 पासून निम्मं, म्हणजे मी आणि ठकी मिळून अर्ध्या तिकिटात जातो आणि हा, म्हणजे नवरा, एकटा पूर्ण भरतो, त्याला ते दरवेळी ऐकवायचं. मात्र म्हैसमाळपर्यंत वर जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, परतीची वेळ स्टँडवर विचारल्याशिवाय चढू नका.

टू-व्हीलरवर आणणार असाल तर चार वर्षांच्या आतल्या लेकराला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस आणि लहान हेल्मेट लागतं आणि गाडी ताशी 40 च्या आत, असा नियम आहे. नियम बाजूला ठेवला तरी घाटात पुढं टाकीवर बसवून आणणारे दिसतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. पेट्रोल आणि कॅश खुलताबादलाच घ्या, वर एटीएम शोधत बसू नका, आणि वर नेटवर्क येतं-जातं म्हणून ऑनलाईन पेमेंटच्या भरवशावर चहा पिऊ नका.

पिशवीत काय

मोठी यादी देत नाही, डायपर-वाईप्स कुणाला सांगायला लागत नाहीत. इथलं म्हणून जे लागतं तेवढं सांगते.

सगळ्यात आधी मोजे आणि पायाला घट्ट बसणारी फुल पँट, गुळगुळीत कापडाची, लोकरीची अजिबात नको. का, तर कुसळ. दिवाळीच्या आसपास गवत वाळलं की त्याचं बी सुटतं, पुढं सुईसारखं टोक, मागं लांब शेपूट, आणि टोकाला बारीक उलटे केस असतात त्यामुळं ते एकाच दिशेनं जातं, आत. शेपूट ओलाव्यानं पिळते-सुटते आणि बी स्वतःला स्क्रूसारखं आत ढकलतं, मातीत रुजायला देवानं केलेली सोय आहे पण ती लेकराच्या मोज्यातपण चालते. पहिल्या वर्षी ठकी "मुंगी चावली, मुंगी चावली" करून रडत होती, मी मोजा काढून झटकला, मुंगी नाही काही नाही, परत घातला, परत रडणं. शेवटी मोजा उलटा केला तर आतून अकरा कुसळं, मी मोजली. ओढून काढू नका, शेपूट हातात येते आणि टोक आतच राहतं, मोजा उलटा करून टोकाच्या बाजूनं पुढं ओढून घ्यायचं. बारीक चिमटा पिशवीत ठेवायचाच, आणि शेजारच्या मावशींनी सांगितलेला उपाय म्हणजे उवांची फणी, पँटीवरून फिरवली की निम्मी निघतात, हसू नका, करून बघा.

दुसरं म्हणजे कानटोपी, ऑक्टोबरात कशाला म्हणाल, पण म्हैसमाळ सुमारे 1067 मीटरवर आहे आणि पठार सपाट, आडोसा काहीच नाही, सकाळचा वारा सरळ कानात जातो. नऊनंतर टोपी बदलून उन्हाची कॅप. एक जुनी चादर. पाणी जेवढं वाटतं त्याच्या दुप्पट.

खाण्याचं म्हणाल तर वर भजी, चहा, मक्याचं कणीस असं मिळतं (या भागात मका लै, कणीस चांगलं असतं, फक्त तिखट-मीठ लावू नका म्हणून आधीच सांगा), पण लेकराचं पोट त्यावर सोडू नये. दशम्या, धपाटे, डब्यात घट्ट दही, आणि याच दिवसांत निघणाऱ्या ओल्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा. सोलण्यात लेकराचा अर्धा तास जातो आणि आपल्याला तेवढा वेळ टेकायला मिळतं, फक्त तीनच्या आतल्याला दाणा कुस्करून द्या, घशात अडकतो. सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचे पोहे, करून आणला तर मुरमुऱ्यांचा पार लगदा होतो, एकदा आणलाय, परत नाही.

पहिली फेरी म्हैसमाळ, आणि पॉइंट सोडून द्या

लोक गाडीतून उतरले की कड्याकडं पळतात फोटोला. कड्याला सगळीकडं कठडा नाही, आणि गवतामुळं कडा कुठं संपतो ते कळत नाही, तेव्हा लेकराला घेऊन तिकडं जायचंच नाही. रस्त्यापासून आतल्या बाजूला, टीव्ही टॉवर पाठीशी राहील असं, सपाट गवताचा तुकडा बघा, आधी काठीनं गवत आपटून घ्या, चादर टाका आणि बसा. बस, इथंच अडीच तास.

काय करायचं विचाराल तर पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही, लेकरू स्वतःच शोधतं. सकाळी साडेसात-आठला गवताच्या काड्यांमध्ये कोळ्याची जाळी असतात, आडवी, चादरीसारखी, त्यावर दव, आणि ऊन आलं की एकेक थेंब पेटल्यासारखा दिसतो. ठकीनं एकदा काडीनं एकच थेंब उचलायचा नाद घेतला, थेंब फुटायचा, परत दुसरा, तोंडातून शब्द नाही, जीभ बाहेर काढून एवढं मन लावून मी तिला जेवतानाही बघितलेलं नाही. ऊन चढलं की दव जातं आणि नाकतोडे उडायला लागतात, ते पकडायचा खेळ. शेळ्या-गुरं चरतात तिथं नशीब असलं तर शेणकिडा गोळी ढकलताना दिसतो, मागच्या पायांनी, डोकं खाली करून. तो दिसला की बाकीचा प्लॅन रद्द समजा.

मग दगड. हा सगळा डोंगर लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला, आणि त्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरी चमकणारी गारगोटी सापडते, पाऊस संपल्यावर तर धुतलेलीच मिळते. आमचा नियम असा की कितीपण गोळा कर, घरी तीनच न्यायच्या, त्यामुळं निघताना निवडायला वीस मिनिटं जातात. दगड उलटायचे मात्र नाहीत, उलटायचे असतील तर मोठ्या माणसानं, आणि काठीनं, खाली विंचू असतो.

भिंगरी घरून करून न्या, पत्रिकेच्या जाड कागदाची, टाचणीऐवजी बटण-दोरा. वर इतका वारा असतो की धरली की फिरतेच, लेकराला पळावं लागत नाही, दोन वर्षांचं असेल तरी चालतं. फुलं तोडण्यावरून आमचं भांडण होतं, मी एक तोडू देते, हा म्हणतो एकपण नाही. तुमचं तुम्ही बघा.

देवदर्शन करायचं असेल तर उतरताना गिरिजादेवीला, आधी नाही, नाहीतर प्रसाद खाऊन लेकरू गाडीत झोपतं आणि पठार राहतं बाजूला.

दुसरी फेरी सीताफळाची

दौलताबाद-खुलताबादकडच्या रस्त्याला या दिवसांत बाया पाट्या घेऊन बसलेल्या असतात, सीताफळं आणि पेरू. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्रच आहे, तेव्हा माझ्या माहेरच्या बाजूचे लोक दौलताबादचं सीताफळ तोंडात टाकून "ठीकाय" म्हणतात, पण मला दोन्ही चालतात.

पाटीशी गाडी थांबवून काच खाली करून किलोभर घेऊ नका, उतरा, लेकराला निवडू द्या. त्याला दोनच गोष्टी शिकवायच्या. फळाचे "डोळे" उघडलेत का बघ, म्हणजे खवल्यांच्या मधल्या भेगा रुंद होऊन पिवळट-पांढऱ्या दिसतात का. आणि अंगठ्यानं हळूच दाब, कडक असेल तर उद्या-परवाचं, मऊ असेल तर आत्ताचं. डोळे न उघडलेलं हिरवंगार गच्च फळ घेतलं तर ते पिकत नाही, काळं पडून दगड होतं. आम्ही पहिल्यांदा पाचही फळं मऊ घेतली, दुसऱ्या दिवशी एकदम पाची फुटली आणि मुंग्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आता दोन मऊ, तीन कडक. कडक ती ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवायची, आणि ठकी रोज सकाळी उठून डब्यात हात घालून चाचपते, "आई, हे झालं." हा खेळ तीन दिवस चालतो, फुकट.

खायला देताना बिया आधी काढा. चारच्या वरचं लेकरू स्वतः थुंकू शकतं, आमच्याकडं बिया मोजायची शर्यत असते, जास्त बिया निघाल्या तो जिंकला, त्यामुळं ती गिळत नाही. बी फोडायची किंवा कुटायची मात्र नाही, बीच्या आतला गर विषारी असतो, पूर्वी बायका उवांसाठी पूड लावायच्या आणि ती डोळ्यात गेली की डोळ्याला मोठी इजा होते. सीताफळानं सर्दी होते का, तर सासूबाई म्हणतात होते, मी दुपारच्या उन्हात देते आणि दोघी खुश.

तिसरी फेरी वेरूळ, पण फक्त हत्ती

खुलताबादवरून घाट उतरला की वेरूळ. लेण्या 34 आहेत, लेकराला घेऊन एकच बघायची, सोळा नंबर, कैलास. तिकीट 40 रुपये, पंधराच्या आतल्याला नाही, सकाळी लवकर उघडतं, तर आठच्या आत आत जा. सहलीच्या बसा आल्या की लेकराला फक्त लोकांचे गुडघे दिसतात.

त्याला राष्ट्रकूट, कृष्णराजा पहिला, आठवं शतक हे सांगून काय उपयोग, मी एवढंच सांगते की हे देऊळ बांधलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणला, आधी कळस झाला आणि पाया शेवटी. ठकीनं घरी येऊन साबणाच्या वडीवर चमच्यानं वरून खाली करून बघितलं, आंघोळीचा साबण गेला पण तिला कळलं. आत गेल्यावर खेळ एकच, हत्ती मोजायचे. मंदिराच्या खालच्या बाजूनं हत्तीच हत्ती आहेत, जसं काही तेच सगळं पाठीवर उचलून उभे आहेत, शिवाय अंगणात दोन मोठे वेगळे. प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो. सोंड शाबूत असलेला हत्ती शोध म्हटलं की आणखी अर्धा तास.

तिथं खाऊ हातात दिसू देऊ नका, माकडं येतात आणि लेकराच्या उंचीवरच येतात. आणि वर छताकडं-कपारीकडं मोहळं असतात, आवाज करणारी खेळणी, अत्तर-बॉडीस्प्रे आणि सिगारेटचा धूर यांतलं काहीही नको.

देवगिरी किल्ल्याचं बऱ्याच जणांनी विचारलंय. चांद मिनारपर्यंतचा सपाट भाग लेकराला पळायला झकास आहे, तिथून परत फिरा. अंधारीत, म्हणजे वर जायच्या भुयारी वाटेत, वटवाघळं, वास, अंधार, उंच-सखल पायऱ्या, कडेवर लेकरू घेऊन जायची जागाच नाही ती. किल्ला घरी करा, त्याबद्दल सांगते.

घरी: देवगिरी अंगणात

दिवाळीत किल्ला करायची पद्धत आमच्या लातूरच्या गल्लीत मी पाहिली नव्हती, इथं शेजारच्या पोरांनी शिकवलं. आणि देवगिरीसारखा सोपा किल्ला नाही, एकच उभा शंकू, खाली चारी बाजूनं खंदक, अर्ध्यापर्यंत कडे सरळ तासलेले. नुसती काळी माती घेतली तर दुसऱ्या दिवशी वाळून भेगा पडतात, पहिल्या वर्षी आमच्या देवगिरीला अशी भेग पडली की वरची बारादरी खंदकात. आता एक घमेलं काळी माती, एक मुरमाड लाल, मूठ-दोन मूठ गव्हाचा भुसा, आणि आत वीट-दगडाचा ढीग म्हणजे माती कमी लागते. बाहेरून अळीव भिजवून थापायचे, चार-पाच दिवसांत हिरवं होतं, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी सुरुवात. खंदकात प्लॅस्टिकचा तुकडा घातला नाही तर पाणी मुरतं आणि लेकरू तांब्यावर तांबे ओतत बसतं, तेही चालतं म्हणा. अंधारीसाठी पाईपचा तुकडा आडवा पुरा, एका बाजूनं गोटी सोडली की दुसरीकडून निघते. सगळ्या किल्ल्यात तीच गोष्ट पोरांना सगळ्यात भारी वाटते.

कोजागरीला गच्चीवर दूध करतोच, त्या रात्री चांदण्या दिसत नाहीत, चंद्रच एवढा असतो. चांदण्या बघायच्या तर अमावस्येच्या अलीकडं-पलीकडं, रात्री नऊच्या सुमाराला पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर येतो, लेकराला "किती दिसतात" विचारा, सहा सांगितल्या तर डोळे चांगले आहेत.

ज्याला जपायचं

घाबरवत नाही, पण हे माहीत पाहिजे. कळलावी, म्हणजे ज्वाळेसारखं लाल-पिवळं फूल, वेलीवर, पावसाळ्याच्या शेवटी डोंगरात दिसतं, दिसायला इतकं सुंदर की लेकरू हात घालतंच, ती सगळीच विषारी, कंद तर फारच. बघू द्या, तोंडात नको. खाजकुयलीच्या शेंगा, सोनेरी मखमलीसारख्या, दिवाळीनंतर वाळतात, हात लागला तर खाजवू नका, चोळू नका, केस चिकटपट्टीनं उचलून काढा आणि मग धुवा. कपडे वेगळे धुवायचे, नाहीतर आख्खं घर खाजवतं.

साप-विंचू चावला तर बांधाबांधी, चिरा मारणं, मांत्रिक, काही नाही. लेकराला चालू द्यायचं नाही, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, 108 ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. विंचवाला "त्यात काय" म्हणू नका, आपल्याकडचा लाल विंचू लहान लेकराच्या हृदयावर जातो. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले, 2022 ला पद्मश्री मिळाली त्यांना, त्यांच्यामुळं हा उपचार आहे, पण तो वेळेत पोचलं तरच. नेटवर्कचं वर सांगितलंच आहे, म्हणून वर जाताना रेंज कुठं येते ते बघत जा.

घरी आल्यावर

लेकरू झोपलेलं असलं तरी बूट-मोजे दारातच काढा आणि झटका. आंघोळीच्या वेळी कानामागं, काखेत, जांघेत बघा, गुरं चरतात त्या गवतात बसलं की गोचीड चिकटते, दिसली तर चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायची, तेल-रॉकेल लावत बसू नका. चादर उन्हात टाका. कडक सीताफळं ज्वारीत. गारगोट्या तीनच आहेत का खिसे तपासा, मशीनमध्ये गेल्या की आवाज येतो आणि ड्रमला चरा पडतो, विचारा मला.

आणि शर्यतीतल्या बिया टाकू नका. आम्ही चार लावल्या, तेलाच्या कापलेल्या डब्यात, एक दिवस पाण्यात भिजवून. महिना झाला तरी काही नाही म्हणून मी डबा उपडा करायला निघाले होते, ठकीनं करू दिला नाही. नंतर तीन आल्या, चौथी शेजारच्या मांजरानं उकरली.